सुस्थितीतली इंजिनाची डिस्क कापून का टाकतात?

वागळे_लेथ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये ३८ वर्षं काढली, आधी लेथवर, मग इन्स्पेक्शनला. आता घरीच असतो. आज जे पाहिलं ते मनातून जात नाही म्हणून हा धागा.

रबाळे एमआयडीसीत जुन्या मित्राचं कटिंगचं वर्कशॉप आहे. त्याच्याकडे विमानाच्या इंजिनातली एक डिस्क आली होती, टर्बाइनची. आकार पुरणपोळीच्या परातीएवढा, पण मधोमध मनगटाएवढी जाड. कडेला पाती बसवायच्या खाचा, प्रत्येक खाच फर-ट्री आकाराची, म्हणजे सूचिपर्णी झाडासारखी दातेरी, आणि सगळ्या अशा एकसारख्या की मोजमाप घ्यायची गरजच पडू नये. मी मधल्या भोकातून बोट फिरवलं. कुठे ओरखडा नाही, बर (कापताना उरलेली धारदार कड) नाही, गंज नाही. कडेला सीरियल नंबर कोरलेला, तोही स्वच्छ वाचता येत होता.

आणि ती डिस्क मित्र कापत होता. ऑर्डरच तशी होती, तुकडे करा, नंबर नष्ट करा, फोटो पाठवा. निकेलचा मिश्रधातू तो, बँडसॉची दोन ब्लेडं बोथट झाली तरी अर्धी पण कापली गेली नव्हती. शेवटी प्लाझ्मा कटर लावला. एवढी मेहनत घेऊन घडवलेली वस्तू एवढीच मेहनत घेऊन मोडायची?

मित्र म्हणाला, "लाइफ संपलं असेल." पण धातूला काही दिसत नसताना लाइफ संपलं हे ठरवलं कुणी? तपासा आणि चांगली असेल तर वापरा, हे का चालत नाही? जाणकारांनी सांगावं.

---

नानी_नौपाडा | शनिवार, रात्री १०:०२

भाऊ, मला इंजिनातलं काही कळत नाही. पण गॅसच्या सिलिंडरवर बी-२७, सी-२८ असं रंगवलेलं असतं ना, त्या तिमाहीनंतर तो परत चाचणीला जायलाच हवा. सिलिंडर दिसायला धडधाकट असला तरी मी डिलिव्हरीवाल्याला परत पाठवते. तसंच असेल का हे?

---

ऐरोली_आसमंत | शनिवार, रात्री १०:३१

नानी, थोडं तसं, थोडं वेगळं. सिलिंडर चाचणीत पास झाला की परत फिरतो. या डिस्कला परत फिरणं नाही. मर्यादा संपली की संपली.

मी विमानांच्या देखभालीत आहे, १४ वर्षं झाली. काका, तुम्ही पाहिलंत त्याला आमच्याकडे एलएलपी म्हणतात, म्हणजे आयुष्य ठरवून दिलेला भाग. डिस्क, हब, शाफ्ट, स्पूल, थोडक्यात जोरात फिरणारे मोठे तुकडे. पाती त्यात सहसा येत नाहीत. कारण असं की पातं तुटलं तर इंजिनाच्या आवरणाने ते आतच अडवलं पाहिजे, आणि इंजिनाला परवाना मिळण्याआधी खरोखर पातं तोडून ही चाचणी घेतात. डिस्क फुटली तर तिचे तुकडे अडवेल असं आवरण करायचं म्हटलं तर ते इतकं जड होईल की विमान उडायचं नाही. मग उपाय एकच राहतो, ती फुटूच द्यायची नाही. म्हणून भेग पडायच्या खूप आधी तिला बाहेर काढायचं.

आयुष्य मोजतात ते सायकलमध्ये. एक उड्डाण आणि एक उतरणं म्हणजे एक सायकल. मुंबई-गोवा एक सायकल, मुंबई-न्यूयॉर्कही एक सायकल. तासांचाही हिशेब आम्ही ठेवतो, पण डिस्कला थकवा येतो तो दर वेळी शून्यावरून पूर्ण वेगावर जाऊन परत शून्यावर येण्याने. वेग दुप्पट झाला की पात्यांची बाहेरची ओढ चौपट होते. शिवाय टर्बाइनच्या डिस्कची कडा झपाट्याने तापते आणि मधला भाग मागे राहतो, त्याचा ताण वेगळा. तुमचं बोट फिरलं ते मधलं भोक, तिथेच ताण सगळ्यात जास्त असतो.

आकडे सांगायचे तर ७३७ विमानांवरच्या सीएफएम५६-७बी इंजिनात पुढच्या फॅन डिस्कला ३०,००० सायकल आणि आतल्या गरम भागातल्या डिस्कना २०,००० सायकल. दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारणारं विमान धरा आणि हिशेब करा.

---

कोपरीकर | शनिवार, रात्री १०:४८

२०,००० ला सहाने भागलं तर नऊ वर्षं आणि वर थोडे दिवस. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचा दोर याहून जुना आहे. सेक्रेटरींना हा धागा पाठवतोय.

---

धातुवेडा | शनिवार, रात्री ११:२०

वागळेकाकांच्या प्रश्नात दम आहे, तो असा झटकून टाकू नका. मी धातुशास्त्राचा माणूस, महापेला प्रयोगशाळेत काम करतो.

ही मर्यादा निघते कशी ते सांगतो. गणित करतात, नमुने तोडतात, आख्ख्या डिस्क खड्ड्यात फिरवून चाचणी घेतात. मग साधारण असा आकडा धरतात की १,००० डिस्कपैकी एकीत सुमारे पाऊण मिलिमीटरची भेग सुरू झालेली असेल. त्या आकड्यावर सगळ्या १,००० काढून टाकायच्या. उरलेल्या ९९९ मध्ये भेगसुद्धा नसते, आणि त्यातल्या कितीतरी दुप्पट चालल्या असत्या.

अमेरिकेच्या हवाई दलाने हा विचार करूनच १९८० च्या दशकात एफ१०० या लढाऊ इंजिनावर वेगळी पद्धत आणली. ठराविक काळाने डिस्क बारकाईने तपासायची, भेग सापडली तरच काढायची, नाहीतर पुन्हा बसवायची. पैसा वाचला, धातू वाचला. निकेल, कोबाल्ट, टायटॅनियम खाणीतून काढून, वितळवून, घडवून डिस्क होते आणि आपण ती बोथट ब्लेडने कापतो. मलाही वाईट वाटतं.

---

कळवा_शेड | रविवार, सकाळी ७:१५

आमच्याकडे लोकलच्या अॅक्सलचं असंच असतं, पण धातुवेडा म्हणतात त्या पद्धतीचं. अॅक्सल अल्ट्रासॉनिकने तपासायचा, सिग्नल स्वच्छ आला तर परत गाडीखाली. अॅक्सलच्या तोंडावर बनवणाऱ्याचं नाव, हीट नंबर (पोलाद कुठल्या ओतातलं ते), वर्ष सगळं पंच केलेलं असतं. हातात टॉर्च घेऊन, ग्रीस पुसून तो नंबर वाचायचा आणि रजिस्टरला लिहायचा हे माझं पहिल्या दोन वर्षांचं काम होतं. एकदा ३ चा ८ वाचला गेला तर साहेबांनी तीस अॅक्सल पुन्हा पुसायला लावले होते. तेव्हा राग आला होता, आज नाही.

---

ऐरोली_आसमंत | रविवार, सकाळी ९:०५

धातुवेडा, तुमचा आदर ठेवून सांगतो, ही पद्धत पूर्णपणे तपासणाऱ्या डोळ्यावर टिकून आहे. १९ जुलै १९८९ ची अमेरिकेतल्या सू सिटीची घटना आठवा. डीसी-१० विमान, शेपटीतल्या सीएफ६-६ इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क हवेतच फुटली, तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक प्रणाली कापल्या. विमानात २९६ माणसं होती, ११२ गेली. वैमानिकांनी फक्त उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते धावपट्टीपर्यंत आणलं म्हणून १८४ वाचली.

त्या डिस्कची मर्यादा १८,००० होती, झाले होते १५,५०३. आणि त्याआधी सुमारे ७६० सायकल मागे तिची फ्लुरोसंट रंगाने तपासणी झाली होती. तपास यंत्रणेच्या अंदाजाप्रमाणे त्या वेळी मधल्या भोकात भेग जवळपास अर्धा इंच लांब होती. अर्धा इंच! माणसाला दिसली नाही. फुटलेली डिस्क ऑक्टोबरमध्ये मक्याच्या शेतात सापडली.

मी स्वतः त्या रंगाची तपासणी केली आहे. काळोखी खोली, जांभळा दिवा, हिरवट चमकणारी रेघ शोधायची. आठवा तास आणि चौदावा भाग असेल तेव्हा रेघ आणि बोटाचा ठसा यात फरक करायला मनाला ओढून आणावं लागतं. म्हणून शिफ्टमध्ये डोळ्यांना विश्रांती द्यावी लागते.

---

धातुवेडा | रविवार, सकाळी ९:५०

पण तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय. मर्यादेच्या २,५०० सायकल आधी फुटली ना? म्हणजे आकड्यानेही वाचवलं नाही.

ती फुटली कारण धातू वितळवतानाच त्यात नायट्रोजनमुळे कडक झालेला एक कण राहिला होता, हार्ड अल्फा म्हणतात. भेग तिथून पहिल्या दिवसापासून वाढत गेली. आकडा काढताना धातू निर्दोष आहे असं धरलेलं असतं. गृहीतकच चुकलं तर आकड्याचा काय उपयोग?

२८ ऑक्टोबर २०१६ ला शिकागोलाही तेच. ७६७ विमान उड्डाणासाठी धावत असताना टर्बाइनची दुसऱ्या टप्प्याची डिस्क फुटली. एक तुकडा जवळपास ९०० मीटर लांब उडून एका गोदामाच्या छतातून आत पडला. मर्यादा १५,००० होती, झाले होते १०,९८४. दोष निकेलच्या मिश्रधातूतला, धातू वितळवतानाचा. सुदैवाने विमान जमिनीवर होतं, १७० ची १७० माणसं बाहेर पडली.

---

खाडीकाठची | रविवार, सकाळी १०:२०

वाचून अंगावर काटा आला. मंगळवारी आमचे आईबाबा पहिल्यांदा नवी मुंबईहून विमानाने जाताहेत. त्यांना हा धागा दाखवू नका रे कुणी.

---

उलवेकर | रविवार, सकाळी १०:४१

ताई, निर्धास्त पाठवा. २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं आमच्या खिडकीसमोरून जाताहेत, आता आवाजावरून कुठलं कुठलं ते माझा सहावीतला मुलगा ओळखतो. त्याचाच एक प्रश्न विचारतो. मर्यादा एकदा ठरली की पुढे बदलते का?

---

ऐरोली_आसमंत | रविवार, दुपारी १२:१०

मुलाला शाबासकी सांगा, फार चांगला प्रश्न आहे. बदलते, आणि खालीही येते. जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीने जाहीर केलं की ए३२० निओ विमानांवरच्या त्यांच्या इंजिनांच्या काही डिस्क ज्या धातूच्या भुकटीपासून बनल्या तिच्यात अशुद्धी होती. २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत बनलेले भाग. म्हणजे कागदावर हजारो सायकल शिल्लक असलेल्या डिस्क लवकर काढून तपासाव्या लागल्या, काही बदलाव्या लागल्या. जगभर विमानं उभी राहिली, आपल्याकडेही. धावपट्टीच्या कडेला इंजिनाच्या जागी पिवळे ठोकळे टांगलेली विमानं दिसली असतील, ती त्यातली.

धातुवेडा, तुमचं बरोबर आहे की आकडा एकटा पुरत नाही. म्हणून सू सिटीनंतर नियमांत भर पडली. आता दोष असू शकतो असं धरून हिशेब करतात, आणि इंजिन कशासाठीही उघडलं आणि डिस्क हाताशी आली की तपासून घेतात. आकडा आणि डोळा, दोन्ही लागतात. एकाच्या भरवशावर दुसरा सोडायचा नाही एवढंच म्हणणं.

---

निवृत्त_सार्जंट | रविवार, दुपारी १:३०

हवाई दलात २० वर्षं मिग-२१ च्या इंजिनांवर काढली. रशियन पद्धतीत हिशेब तासांचा आणि शिवाय कॅलेंडरचा. इतके तास किंवा इतकी वर्षं, जे आधी येईल ते. इंजिन नुसतं खोक्यात पडून राहिलं तरी वर्षं मोजली जायची. ओव्हरहॉलला कोरापुटला जायचं, परत यायचं, आणि एकूण आयुष्य संपलं की संपलं. सप्टेंबर २०२५ मध्ये, २६ तारखेला, चंडीगडला शेवटची मिग-२१ उतरली तेव्हा टीव्हीसमोर उभा राहून सलाम केला. वागळेसाहेब, तुमचं दुःख मला कळतं. हाताने जपलेली वस्तू भंगारात जाताना पाहणं सोपं नसतं.

---

कोपरीकर | रविवार, दुपारी २:०५

एक शंका. एकाच डिस्कचं इंजिन कधी छोट्या विमानावर, कधी जास्त जोर लावणाऱ्या मोठ्यावर गेलं तर?

---

पानंमोजणारी | रविवार, सायंकाळी ६:१५

आत्ताच धागा पाहिला. मी एका विमान कंपनीत टेक रेकॉर्ड्सला आहे, म्हणजे इंजिनांचे कागद सांभाळते. वाशीहून रोज जाते.

कोपरीकरांना उत्तर. समजा एका जोरावर मर्यादा २०,००० आणि जास्त जोरावर १६,०००. डिस्क आधी कमी जोरावर १०,००० सायकल चालली, म्हणजे तिचं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं जास्त जोरावर मोजायचं, ८,०००. सरळ वजाबाकी करून ६,००० म्हणाल तर चांगली डिस्क वाया जाईल, आणि १०,००० म्हणाल तर माणसं जातील. यासाठी कुठल्या दिवशी डिस्क कुठल्या जोरावर होती हे पहिल्या दिवसापासून माहीत हवं. आमच्यात याला बॅक टू बर्थ म्हणतात. कारखान्यातून निघाल्यापासून आजपर्यंत प्रत्येक मालक, प्रत्येक इंजिन, बसवल्याची आणि काढल्याची प्रत्येक तारीख. मध्ये एक दुवा जरी तुटला तरी उरलेलं आयुष्य शून्यच समजायचं.

एक अनुभव सांगते. भाड्यावरून परत जाणारं एक इंजिन होतं. मधला एक वापरकर्ता बंद पडलेला, त्याचे कागद भिवंडीच्या एका गोदामात खोक्यांत. पावसात भिजलेले, पानं एकमेकांना चिकटलेली. आम्ही दोघी बटर पेपर मध्ये घालून एकेक पान सोडवत होतो. साडेचार आठवडे गेले. शेवटी सगळी बेरीज जुळली, फक्त ६३ सायकलचा फरक राहिला.

माझे बाबा बँकेत हेडकॅशियर होते. लहानपणी त्यांनी शिकवलं होतं, फरकाला ९ ने भाग गेला तर आधी अंकांची अदलाबदल शोध. ६३ ला ९ ने भाग जातो. रात्री अकराला सापडलं, एका पानाच्या तळाशी १२,४८१ आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर १२,४१८. कुणीतरी आकडा पुढे नेताना ८ आणि १ उलटे लिहिले होते, आणि त्या दिवसापासून त्या इंजिनातली प्रत्येक डिस्क कागदावर ६३ सायकल तरुण होऊन फिरत होती. मी बाबांना तेव्हाच फोन केला. ते झोपेतून उठले आणि पहिलं विचारलं, "पान सही करून घेतलंस का?"

---

नानी_नौपाडा | रविवार, सायंकाळी ६:४०

पोरी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

---

धातुवेडा | रविवार, सायंकाळी ७:३०

पानंमोजणारी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझं मत बदललं असं म्हणणार नाही, तपासणीची साधनं सुधारतील तसं आयुष्य वाढवता आलं पाहिजे आणि ते करणं आपलं काम आहे. पण मी प्रयोगशाळेत भेग मोजतो ती समोरच्या तुकड्यात. तो तुकडा कुठून आला हे मला नेहमी कुणीतरी लिहून दिलेलं असतं, हे लक्षातच येत नव्हतं.

---

खाडीकाठची | रविवार, रात्री ८:०२

पण कापायचं कशाला? नुसतं कपाटात ठेवलं तर?

---

पानंमोजणारी | रविवार, रात्री ८:२०

ताई, कपाटातली वस्तू कधीतरी बाहेर येते. अशी एक डिस्क लाखो रुपयांना विकली जाते आणि डोळ्यांना ती नवीच वाटते, काकांनाही वाटली. २०२३ मध्ये युरोपात उघड झालं की सीएफएम५६ इंजिनांचे हजारो सुटे भाग खोट्या प्रमाणपत्रांवर विकले गेले होते. कितीतरी विमान कंपन्यांना इंजिनं उघडून ते शोधावे लागले. म्हणून नंबर नष्ट करायचा, आणि पुन्हा वेल्ड करून जोडता येणार नाही असे तुकडे करायचे. आम्ही फोटोत बघतो ते हेच, की छेद मधल्या भोकातून आरपार गेलाय ना.

---

वागळे_लेथ | सोमवार, सकाळी ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी मित्राला फोन करून त्या डिस्कचा जॉब शीट वाचायला सांगितला. मला वाटत होतं लाइफ संपलं म्हणून कापली. तसं नव्हतं. झालेल्या सायकलच्या रकान्यात "अज्ञात" आणि कारणाच्या रकान्यात "इतिहास अपूर्ण" असं आहे. म्हणजे कदाचित तिच्यात निम्मं आयुष्य शिल्लक होतं.

आज रात्री झोप आली नसती, पण एक जुनी गोष्ट आठवली. १९८७ सालची. ईएन२४ पोलादाचे बार आले होते, एका मोठ्या प्रेसच्या शाफ्टसाठी. सरळ, चकचकीत, कडकपणा मोजला तोही बरोबर. पण एका टोकाचा हीट नंबर कापला गेला होता आणि टेस्ट सर्टिफिकेट दुसऱ्याच हीटचं. मी सगळे बार लाल रंगवून बाजूला ठेवले. मालक शेडमध्ये येऊन ओरडले, सगळ्या कामगारांसमोर. मी म्हटलं, साहेब, हा बार कोण आहे ते मला माहीत नाही. त्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, पण बार परत गेले.

पानंमोजणारी, त्या डिस्कच्या हरवलेल्या पानांचा शोध तुमच्यासारख्या कुणी घेतला असेल ना? नीट घेतला असेल ना, एवढंच विचारायचं आहे.

---

पानंमोजणारी | सोमवार, दुपारी १:४५

काका, ती आमच्याकडची नव्हती, म्हणून त्या डिस्कबद्दल मी शपथेवर सांगू शकत नाही. पण "अपूर्ण" हा शब्द लिहायला आमच्यात कुणाचाही हात लगेच धजत नाही. त्याआधी जुन्या मालकांना पत्रं जातात, कारखान्याला विचारतात, शॉपच्या जुन्या फाइली उघडतात. माझ्या सहा वर्षांत मी तो शब्द दोनदा लिहिलाय आणि दोन्ही नंबर मला पाठ आहेत.

आज एका इंजिनाची चार खोकी आली आहेत. पहिल्यात वाळवी निघाली. संध्याकाळी लिहिते.